लेकीबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

परवा तू फोनवर सांगितलंस की लेकीला पुरातत्त्वात यायचंय, आणि मागोमाग विचारलंस, "माती उकरण्यात आयुष्य घालवून हाताला लागतं काय रे?" आवाज तुटत होता, धड बोलता आलं नाही. शिवाय हा प्रश्न फोनवर उरकण्यासारखाही नाही.

उत्खननाच्या माझ्या पहिल्या हंगामातली एक गोष्ट तुला कधीच सांगितली नव्हती. खड्ड्याची उभी बाजू, आम्ही तिला सेक्शन म्हणतो, ती ट्रॉवेलने तासत होतो. गुडघ्याच्या उंचीवर काहीतरी लाल चमकलं. बोटाने टोकरलं तर मणी! करंगळीच्या नखाएवढा, कार्नेलियनचा, म्हणजे लालसर अकीक दगडाचा. उजेडात धरला तर आतलं भोक दिसत होतं. दोन्ही बाजूंनी कोरत आणलेलं, आणि मधोमध जिथे दोन्ही भोकं मिळतात तिथे केसभर चुकलेलं. ती चूक पाहून मला भरून आलं. कुणाचा तरी हात तिथे जरासा हलला होता.

धावत सरांकडे गेलो. त्यांनी मणी हातातही घेतला नाही. विचारलं, "कुठल्या थरातला?" परत येऊन पाहतो तर टोकरलेली जागा ढासळली होती. वर राखेचा काळा थर, खाली पिवळसर माती, आणि मणी नेमका त्या दोहोंच्या सांध्यावरचा. राखेतला की मातीतला, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्याच्या लेबलवर मीच लिहिलं, 'स्तर अनिश्चित'. ज्याचा हात हलला तो माणूस कोणत्या काळातला, हे माझ्या घाईमुळे कायमचं हरवलं.

उत्खनन एकदाच करता येतं, मित्रा. थर काढला की गेला. मागे उरतात त्या नोंदी, मोजमापं, रेखाटनं आणि फोटो. म्हणून दिवसातला निम्मा वेळ आम्ही खणत नसतो, लिहीत असतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीचंच बघ. 1968 ते 1983 अशी पंधरा वर्षं तिथे उत्खनन चाललं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत मूल. नुसती मडकी उपसली असती तर संग्रहालयात दोन मडकी वाढली असती, इतकंच. खड्डा घरातल्या जमिनीत घेतलेला होता, हे नोंदवलं गेलं, म्हणून त्या आईबापांनी मुलाला घराबाहेर जाऊ दिलं नाही हे आपल्याला कळलं. त्यांच्या मनात नेमकं काय होतं ते मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण ते चित्र मला सोडत नाही.

आणखी एक. शक्य असेल तिथे जागेचा काही भाग आम्ही मुद्दाम न खणता सोडतो. विलर्ड लिबी या रसायनशास्त्रज्ञाने 1949 मध्ये कोळशासारख्या एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंतल्या कार्बन-14 वरून काळ ठरवण्याची पद्धत मांडली. त्याआधी उत्खननात निघालेला कोळसा बहुतेक ठिकाणी सरळ फेकून दिला जाई. आज आपण काय फेकतोय, हे पुढच्या पिढीलाच कळेल.

जतनाच्या कामात हाच संयम वेगळ्या तऱ्हेने लागतो. अथेन्समधल्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या दगडांना जुन्या ग्रीक कारागिरांनी लोखंडी पकडी घातल्या होत्या, पण त्यांवर शिसं ओतलं होतं, पाणी लागू नये म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत तसंच लोखंड वापरलं गेलं, शिशाशिवाय. ते गंजलं, फुगलं आणि संगमरवर आतून फुटला. पुढे त्या पकडी एकेक करून काढाव्या लागल्या, त्यांच्या जागी टायटॅनियम आलं. अजिंठ्यातही 1920 ते 1922 मध्ये इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवायला लाखेचं व्हर्निश दिलं, आणि कालांतराने तेच पिवळं पडून चित्रांवर चढलं. ही माणसं निष्काळजी नव्हती, त्यांचंही प्रेम होतं. म्हणून तर मला या गोष्टींची जास्त भीती वाटते.

मी स्वतः एका जुन्या भिंतीवर काम केलं. कुणीतरी तिच्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या, दिसायला अगदी पक्क्या. चुन्याच्या दरजेतून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट ती अडवतं, मग ओल दगडातूनच वाट काढते आणि येताना क्षार आणते. हात फिरवला की दगडाचा पापुद्रा पिठासारखा हातात येई, खाली क्षारांची पांढरी भुकटी. एकेक दरज छिन्नीने, दगडाला धक्का न लावता मोकळी करायची. दिवसाकाठी वीतभर काम झालं तरी समाधान वाटायचं. नंतर चुना भरला, तोही दगडापेक्षा मऊ, म्हणजे पुढे झिजायचंच झालं तर चुना झिजेल, दगड नाही.

1964 च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे स्मारकांच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांत, म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. तुटलेल्या मूर्तीसमोर उभं राहिलं की हात शिवशिवतात, नाक असं असेल, बोटं तशी असतील. थांबायचं.

पैशाचं विचारलंस. खरं सांगतो, सुरुवातीला कामं प्रकल्पापुरती मिळतात, हंगाम संपला की पुन्हा शोध. कायम जागा थोड्या. रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, हाडांचा किंवा परागकणांचा अभ्यास, असं एखादं अंग तिने पक्कं केलं तर तिला काम मिळायला सोपं जाईल. पण तिला अडवू नकोस. आधी एक हंगाम येऊ दे. ऊन, पाठदुखी, आठवडाभर फक्त खापरं धुणं, हे सगळं पाहू दे. त्यानंतरही तिने "पुढचा हंगाम कधी?" असं विचारलं तर तिचं ठरलं समज.

तिला सांग, येताना चांगल्या पेन्सिली आण. दमट वहीत शाई पसरते, आणि मग नोंद वाचता येत नाही.

तुझा,
जुना मित्र