‘इतर’ या रकान्यातले पक्ष

महोदय,

निवडणूक जवळ आली की ‘माध्यमे आमची दखल घेत नाहीत’ अशी लहान पक्षांची तक्रार कानावर येते. ती अर्धी खरी आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर १९९८ च्या लोकसभा निवडणुकीपासून पक्षांना प्रचारासाठी मोफत वेळ दिला जातो. मात्र तो केवळ मान्यताप्राप्त पक्षांना मिळतो आणि त्यातलाही वाढीव वाटा मागील निवडणुकीतील कामगिरीवर ठरतो. म्हणजे ज्याला मते मिळालेली नाहीत त्याला बोलायला वेळ नाही, आणि बोलायला वेळ नाही म्हणून मते मिळत नाहीत.

उरलेल्या अर्ध्या तक्रारीचे उत्तर मात्र पक्षांकडेच आहे. एका लहान पक्षाच्या तालुका कार्यालयात मी काही वर्षे प्रसिद्धिपत्रके लिहिली. पहिल्या परिच्छेदात बारा पदाधिकाऱ्यांची नावे, दुसऱ्यात ‘जाहीर निषेध’, आणि निषेध नेमका कशाचा हे वार्ताहराने शोधून काढायचे, असा आमचा शिरस्ता होता. पत्रक छापून आले नाही की आम्ही संपादकांना दोष देत असू. पुढे एकदा, एका पाणीयोजनेच्या मंजुरीची तारीख आणि आजवर झालेला खर्च एवढेच लिहून, सोबत सरकारी कागदाची प्रत जोडून दिली, तेव्हा वार्ताहर स्वतःहून कार्यालयात आला.

आंदोलनांचेही असेच होते. स्वाभिमानी शेतकरी संघटनेने जुलै २०१८ मध्ये दूध रोखले आणि चार दिवसांत सरकारला लिटरमागे २५ रुपये दर जाहीर करावा लागला. यश मोठे होते, पण वाहिन्यांवर प्रामुख्याने दिसले ते रस्त्यावर ओतलेले दूध, आणि चर्चा रंगली ती नासाडीची. उत्पादकाच्या खर्चाचा हिशेब त्या चित्रांखाली झाकला गेला. (दूध ओतले नसते तर कॅमेरे आले असते का, हा प्रश्न मी नाकारत नाही.) याउलट आमच्या पेण तालुक्यात शेतकरी कामगार पक्षाचे प्रा. एन. डी. पाटील आणि इतरांनी शेतजमिनी घेऊन उभारल्या जाणाऱ्या विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धचा (‘सेझ’) लढा असा रेटला, की २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांतील शेतकऱ्यांचे मत घेण्याची वेळ सरकारवर आली. त्या दिवशी एकही काच न फुटता बातमी राज्याबाहेर गेली, कारण तिला गाव होते, तारीख होती आणि ‘जमीन द्यायची की नाही’ असा कोणालाही समजेल असा एकच प्रश्न होता.

वृत्तपत्रांनाही यातून अंग काढून घेता येणार नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याचे आरोप याच राज्यात झाले आणि प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली. जागा विकत मिळू लागली की ज्याच्याकडे पैसा नाही त्याची बातमी सर्वांत आधी गळते, मग पत्रक कितीही नेमके असो.

म्हणून आपणास एक लहानशी विनंती आहे. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यावर आपल्या जिल्हा आवृत्तीत प्रत्येक मतदारसंघातील सर्व उमेदवारांची यादी पक्ष आणि चिन्हासह एकदा छापावी, आणि निकालाच्या तक्त्यात त्यांना ‘इतर’ या एका रकान्यात न कोंबता प्रत्येकाची मते स्वतंत्र द्यावीत.

आपला,
एक जुना वाचक, पेण (जि. रायगड)