बॉलपेनने आखलेल्या पट्टीबद्दल

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

पायाच्या सुजेवर बांधलेल्या पट्टीचा दाब कसा पडतो, यावर तुम्ही पीएच.डी. करत आहात, हे पहिल्या भेटीत सांगितलेत तेव्हा आईला त्यातला ‘पाय’ एवढाच शब्द कळला होता. भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत रोवणी करण्यात तिचा जन्म गेला आणि गेली १८ वर्षे डावा पाय हत्तीरोगाने सुजलेला आहे. इतक्या वर्षांत ज्या ज्या दवाखान्याची पायरी चढलो, तिथे ‘क्रेप बँडेज कसून बांधा’ एवढेच ऐकले. कसून म्हणजे किती, असे विचारले की समोरच्याच्या कपाळाला आठी पडे. एका ठिकाणी तर पायावरचे लुगडे बाजूला करायलाही न सांगता चिठ्ठी हातात दिली. पट्टी पोटरीत रुतायची, घोट्याशी सैल पडायची, आणि आम्ही दोष द्यायचो आईच्या हातांना.

पट्टीचा ताण आणि थर वाढले की दाब वाढतो, पायाचा घेर वाढला की तो कमी होतो. म्हणून निरोगी पायाच्या बारीक घोट्यावर तो आपोआप जास्त आणि वर पोटरीकडे कमी पडतो, पण आईचा घोटा पोटरीइतकाच जाड झाल्याने दाबाचा तो उतारच उरला नव्हता, हे तुम्ही तिच्याच पायावर सेन्सर लावून दाखवलेत. दोष हातांचा नव्हता.

रक्तपुरवठ्याची तपासणी, मोजमापे हे सगळे रीतसर झाले. मनात राहिला तो तुमचा बॉलपेन. आईला आकडे वाचता येत नाहीत हे कळल्यावर तुम्ही फरशीवर बसून अख्ख्या पट्टीवर लांबीत २ आणि रुंदीत ३ सेंटीमीटरचे चौकोन आखलेत आणि म्हणालात, “आजी, ओढताना ही वडी चारी बाजूंनी सारखी दिसली की थांबायचं.” प्रबंधासाठी लागणाऱ्या आईच्या नोंदी आदल्या आठवड्यातच पूर्ण झाल्या होत्या, त्या तासाभराचा तुम्हाला काहीच उपयोग नव्हता. शिकलेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. समोरच्याला काय वाचता येते, हे आधी विचारून घेणारी फार थोडी.

सूज पूर्ण जाणार नाही, हे तुम्ही तेव्हाच स्पष्ट सांगितले होते, आणि ती गेलेलीही नाही. मात्र डाव्या पायात आता चप्पल चढते. धुऊन धुऊन शाई पुसट झाली, तेव्हा परवा आईने नातवाच्या दप्तरातून फूटपट्टी आणि पेन काढले आणि ओसरीवर बसून चौकोन स्वतः आखले. थोडे वाकडे आले आहेत.

आपली कृतज्ञ,
आजींची लेक