मृगाआधी मुलांच्या हाती खोरी द्या : पूर मदत पथकासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आला आहे. तिकडे पाटगाव आणि काळम्मावाडीची धरणे भरली की वेदगंगा-दूधगंगा काय करतात, हे आपणा काठच्या माणसांना सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये निपाणीजवळच्या यमगर्णीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ हे बंधारे तर थोरल्या पावसात ठरलेलेच.

२०१९ ला आपल्या मंडळाच्या मुलांनी काय केले, ते गावाने पाहिले आहे. रात्रीत गोठ्यातली दावी कापून जनावरे माळावर नेली. पाणी उतरल्यावर घराघरांतला गुडघाभर गाळ काढला, शाळेचे वर्ग धुतले, विहिरी उपसून ब्लीचिंग पावडर टाकली. यात कॉलेजची मुले होती, तशीच तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबून आलेलीही होती. आणि मुली! आपला भाग कर्नाटकात, म्हणून पडझडीचे अर्ज कानडीत. म्हाताऱ्या माणसांना ते वाचता येईनात. मुलींनी ओट्यावर बसून अर्ज भरले, उतारे-पासबुके जोडली, पंचनाम्याला आजीबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. पूर्ण पडलेल्या घराला कर्नाटक सरकारने ५ लाख जाहीर केले होते, पण कागद अपुरा असेल तर त्याचा काय उपयोग?

त्या वेळी विडी कामगार भगिनींनी रोजच्या मजुरीतून भाकरी-चटणी पुरवली. किराणावाल्या काकांनी उधारीची वही मिटून ठेवली. ट्रॅक्टरवाल्या मामांनी डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. पुण्या-मुंबईच्या गावकऱ्यांनी रस्ता खुला होताच चादरी, औषधे धाडली. या सर्वांचे ऋण मंडळ विसरलेले नाही.

मनातले एक बोलतो. पाणी चढते तेव्हा पुलावर फोटो काढायला गर्दी होते, गाळ काढायला मात्र तीच ती मुले उरतात. मागे निधीसाठी फिरलो तेव्हा काही दारांत ‘यंदा पूर कुठे आलाय?’ असे ऐकून परतावे लागले. मुलांना ते फार लागले. तरीही यंदा एकानेही नाव मागे घेतलेले नाही, उलट नवी मुले आली आहेत. त्यांना उघड्या पायांनी गाळात उतरवणे आम्हाला पटत नाही.

हवे आहे ते असे : लाईफ जॅकेट २०, गमबूट, हातमोजे, खोरी, घमेली, जाड दोर, बॅटऱ्या, एक उपसा पंप, मुलांचा अपघात विमा व धनुर्वाताची इंजेक्शने. रोख किंवा वस्तू मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ७ ते ९, रविवारी सकाळीही. पावती अवश्य घ्यावी. जुनी पण धड अवजारे चालतील, जुने कपडे कृपया नकोत. बाहेरगावच्यांनी मंडळाच्या नेहमीच्या बँक खात्यात रक्कम भरून खजिनदारांना कळवावे. पोहता येणाऱ्या १८ वर्षांवरील मुला-मुलींनी पालकांची संमती घेऊन नाव द्यावे. सर्व ५ जूनच्या आत, कारण खरेदीला कोल्हापूरला जायचे आहे.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)