लग्न आमचं, हज्जानही आम्हीच निवडू : मा. अल्पसंख्याक विकास मंत्री यांना खुले पत्र

मा. अल्पसंख्याक विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार,

२०१६ साली राज्य सरकारने आम्हा ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचे आभार तेव्हाच मानून झाले. आता एक काम सांगतो, आमच्या लग्नांच्या नोंदणीचं. विवाह नोंदणीचे नियम तुमच्या खात्याचे नाहीत, हे ठाऊक आहे. पण देशभरात मिळून पाचेक हजारांचा आमचा समाज. प्रत्येक खात्याचे उंबरे झिजवायला तेवढी माणसंही आमच्यात नाहीत. म्हणून गाऱ्हाणं तुमच्याकडे.

ख्रिश्चनांच्या लग्नाला १८७२चा कायदा आहे, पारशांच्या लग्नाला १९३६चा. आमच्या लग्नाला वेगळा कायदाच नाही. ते उभं आहे धर्माच्या रिवाजावर, आणि न्यायालयंही ते मानत आली आहेत. घोडं अडतं ते नोंदणीच्या टेबलावर. राज्याच्या १९९८च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत नमुना 'ड' भरून द्यायचा. त्यात तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव, पत्ता, सही.

आमच्यात हा पुरोहित कोण? पूर्वी झिराड, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांतले काझी लग्नं लावत. हो, आम्हीही त्यांना काझीच म्हणायचो. आता हज्जान लावतो. हज्जान म्हणजे प्रार्थना गाणारा, केतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा वाचणारा माणूस. त्याच्या हाती कुठल्या धर्मपीठाची सनद नसते. एरवी तो बँकेत किंवा रेल्वेत नोकरी करत असेल. आणि खरं सांगायचं तर लग्न तो लावतही नाही. पांढऱ्या साडीतली नवरी येते, नवरा काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला हाती घेतो, तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीत अंगठी घालतो आणि 'हरे आत मेकुदेशेत ली', म्हणजे 'तू माझी विधिवत पत्नी झालीस', असं म्हणतो. दोन पात्र साक्षीदारांनी ते पाहिलं-ऐकलं की आमच्या शास्त्राप्रमाणे लग्न लागलं. केतुबावरही त्यांच्या सह्या होतात. हज्जान चुकू नये म्हणून शेजारी उभा असतो, इतकंच.

माझ्या भाचीचं लग्न रायगड जिल्ह्यात झालं. गावात दोन-तीन घरं उरलीत, कायमचा हज्जान नाही, म्हणून तो ठाण्याहून आणला. नोंदणीला गेलो तर समोरचे बाबू म्हणाले, "भटजींचा दाखला लागेल." केतुबा पुढे केली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि मराठी भाषांतर, तेही नोटरी करून, मागितलं. त्यांचा दोष धरत नाही. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच केतुबा पाहिली असणार. शेवटी कोणीतरी सुचवलं की विशेष विवाह कायद्याखाली नोंद करून टाका. म्हणजे तीस दिवसांची जाहीर नोटीस, हरकती मागवणं, सगळं. लागलेल्या लग्नाला पुन्हा हरकती कशाला? आंतरधर्मीय जोडप्यांना तो रस्ता योग्यच आहे, पण दोघंही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या आमच्याच ज्यू समाजातले, असताना त्यांनी तिकडे का जावं?

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे हज्जानांना सरकारी परवाने द्या. साहेब, तेवढं मात्र करू नका. इस्रायलमध्ये ज्यूंचं लग्न कोण लावणार हे रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं, सरकारमान्य मंडळ ठरवतं. त्याचा चटका आमच्याच माणसांना बसला आहे. बेने इस्राएलाचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्याच्या घराण्याची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करा, असे आदेश मुख्य रब्बींनी १९६२च्या सुमारास काढले. कोकणातून गेलेली माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली, १९६४च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटला, म्हणजे तिथल्या संसदेला, ठराव करावा लागला, तेव्हा कुठे त्या आदेशांतून आमचं नाव गळलं. अलिबाग-नवगावच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवून 'शनिवार तेली' म्हणवून घेतलेल्यांना ज्यू असल्याचे पुरावे मागितले गेले! परवान्याची यादी आली की यादीत कोण बसवायचा याचं राजकारण येतं. उद्या कोणाला परदेशातून आलेला रब्बी हवा असेल, कोणाला मामाच हज्जान म्हणून हवा असेल. ते घरचे आणि सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, बघून घेतील.

इंग्लंडने हे शहाणपणाने केलं. १७५३च्या विवाह कायद्यातून त्यांनी ज्यूंना वगळलं, आणि १८३६मध्ये लग्नाच्या नोंदीचं काम सिनेगॉगच्या सचिवाकडे सोपवलं. रब्बी कोण, किती शिकलेला, हे सरकारने विचारलंच नाही. आपल्याकडे पारशी कायद्यात धर्मगुरू, वधूवर आणि दोन साक्षीदार सह्या करतात आणि तो दाखला थेट निबंधकाकडे जातो. या दोन्हींची सांगड घालून आपलं काम भागतं.

तेव्हा नियमांत एवढंच करून द्या. ज्यू विवाहासाठी नमुना 'ड'मध्ये पुरोहिताच्या जागी सिनेगॉगच्या विश्वस्त मंडळाच्या सचिवाची सही आणि शिक्का चालावा. केतुबाची प्रत आणि सिनेगॉगच्या विवाह नोंदवहीतला उतारा पुरावा म्हणून धरावा. मराठी सारांश सचिवच सही करून देईल. केतुबावरच्या दोन साक्षीदारांना तिसरा जोडायला आमची ना नाही. आणि हे परिपत्रक मुंबई, ठाणे, पुण्याच्या वॉर्ड ऑफिसांपुरतं न ठेवता रायगडच्या ग्रामपंचायतींपर्यंत पोचवा, सोबत केतुबाची एक नमुना प्रत लावून. नमुना प्रत आम्ही देऊ.

आपला,
एक बेने इस्राएल नागरिक
जिल्हा रायगड