‘चुकलं माझं’ म्हणालात, त्याबद्दल

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र उघडच लिहितेय. आजही कितीतरी आया तुमच्या समुपदेशनाच्या खोलीकडे जाणाऱ्या त्या जिन्याखाली उभ्या असतील, वर जावं की नको या विचारात. मी दोनदा परत फिरले होते.

दहावीचा निकाल लागला आणि माझा मुलगा बोलायचाच थांबला. मार्क चांगले होते, म्हणून तर कुणाला काही कळेना. रात्र रात्र जागा, ताटातली पोळी तशीच. नातेवाइकांकडे उपाय तयार होते: दृष्ट काढा, मोबाइल काढून घ्या. आधी एका ठिकाणी नेलं, तिथे पंधरा मिनिटांत ‘आळस आहे’ असं सांगून मोकळे झाले.

तुमच्याकडे पहिल्या दिवशी तो जवळजवळ तासभर गप्प होता. तुम्हीही गप्प बसलात. बाहेर बाकावर माझा जीव खालीवर. तो हातातला रुबिक क्यूब फिरवत होता आणि तुम्ही एवढंच विचारलंत, “पिवळी बाजू शेवटी का रे ठेवतोस?” पुढच्या गुरुवारी तो माझ्याआधी चपला घालून दारात उभा होता.

मला मात्र तुम्ही बजावलंत, “तो काय बोलतो ते तुम्हाला सांगणार नाही. कुणाच्या जीवाला धोका वाटला तरच सांगेन, तेही आधी त्याला कल्पना देऊन.” फार राग आला होता तेव्हा. आई आहे मी त्याची! पण त्याच भरवशावर तो मोकळा होत गेला. रात्री-अपरात्रीसाठी तुम्ही लिहून दिलेला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

आणि तो घड्याळाचा दिवस. तो बोलत असताना तुमची नजर घड्याळाकडे गेली आणि तो मिटला. पुढच्या वेळी तुम्ही सुरुवातच केलीत, “मागच्या वेळी तू महत्त्वाचं सांगत होतास आणि मी घड्याळ बघितलं. चुकलं माझं. तुला काय वाटलं तेव्हा?” घरी येऊन त्याने हे मला दोनदा सांगितलं. कुणी मोठं माणूस त्याला असं म्हणालंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

तुम्ही नेमकं करता काय, असं एकदा विचारलं तर तुम्ही मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या १९५७ च्या लेखाबद्दल बोललात. अट न घालता माणसाला स्वीकारायचं, त्याच्या जागी उभं राहून समजून घ्यायचं आणि आपण स्वतः खरं राहायचं. “तिसरं सगळ्यात अवघड,” म्हणालात.

मलाही आधार हवाय हे तुम्हीच ओळखलंत. पण “ही खोली त्याची, त्याचीच राहू दे” म्हणून मला दुसऱ्या ताईंकडे पाठवलंत. सत्तेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी मला मध्ये न तोडता ऐकलं. त्याचेही आभार तुमचेच.

परवा मी त्याच्यावर उगाच ओरडले, ओल्या टॉवेलवरून. मग बराच वेळ त्याच्या दाराशी उभी राहिले आणि म्हटलं, “चुकलं रे माझं.” त्याने मान वर केली नाही. पण पलंगावरची पुस्तकं बाजूला सारली आणि म्हणाला, “बस ना, आई.”

आपली,
त्याची आई