जँगोतील सुट्या स्क्रिप्टचा प्रश्न

संपादक महोदय,

जँगो या पायथनमधील वेब फ्रेमवर्कची मॉडेल (डेटाबेसमधील तक्त्यांचे वर्णन करणारे क्लास) वापरणारी पायथन फाइल थेट चालवली की ‘अ‍ॅप्स आर नॉट लोडेड येट’ ही त्रुटी अनेकांना छळते. वेब सर्व्हर सुरू होताना जी तयारी आपोआप होते, ती सुट्या, म्हणजे सर्व्हरबाहेर एकट्याने चालणाऱ्या, स्क्रिप्टला स्वतः करावी लागते. आधी सेटिंग्जच्या मॉड्यूलचे नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये भरावे, मग जँगोचे सेटअप फंक्शन बोलवावे आणि त्यानंतरच मॉडेल इम्पोर्ट करावे. क्रम चुकला की सारे फसते. इम्पोर्ट आपोआप वर नेणारे एडिटर इथे घात करतात!

काम वारंवार करायचे असेल तर हा खटाटोप नकोच. अ‍ॅपच्या ‘मॅनेजमेंट’ फोल्डरातील ‘कमांड्स’मध्ये फाइल ठेवावी, जँगोच्या बेसकमांड या क्लासपासून ‘कमांड’ क्लास काढून ‘हँडल’ मेथडमध्ये काम लिहावे. मग सेटअप मॅनेज-पाय, ही प्रकल्पातील कमांड चालवणारी फाइल, करते.

ठरावीक वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या क्रॉनला मात्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधील (प्रकल्पाच्या स्वतंत्र पायथन मांडणीतील) पायथनचा पूर्ण पाथ द्यावा. नुसते ‘पायथन’ लिहिले तर भलताच पायथन चालू शकतो. तासन्‌तास चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये जुनी डेटाबेस कनेक्शन अधूनमधून बंद करावीत, कारण ती बंद करण्याची जँगोची सोय वेब रिक्वेस्टशी बांधलेली आहे.

— एक वाचक, पुणे