पास हातात म्हणजे जागा हातात नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपच्या रेल्वे पासवरचा लेख वाचला. पास काढला की वाटेल त्या गाडीत बसा, असा त्याचा सूर आहे. तसं नसतं, हे आम्ही पॅरिसच्या गार द लियों स्टेशनात अनुभवलं, म्हणून लिहितो.

मिरज जंक्शनच्या बुकिंग खिडकीत मी ३१ वर्षं काढली. मागच्या मे महिन्यात आम्ही दोघं पॅरिस, झुरिक, फ्लॉरेन्स, रोम असं फिरून आलो. सगळं एका प्रवासी कंपनीकडं सोपवलं होतं. त्यांनी मोबाईलमध्ये युरेल पास घालून दिला आणि आता तिकिटाचं काही बघायचं नाही म्हणाले. झुरिकला निघायच्या सकाळी खिडकीवर गेलो, तर तिथल्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडं वळवला. गाडीत जागा होत्या. पासवाल्यांसाठी राखून ठेवलेल्या जागांचा कोटा संपला होता. कोटा म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. पण खिडकीच्या या बाजूला, हातात दशम्यांची पिशवी घेऊन उभं राहिल्यावर तो शब्द फार जड वाटतो. सौ. एवढंच म्हणाली, "मग यांनी पैसे कशाचे घेतले?" दोघांची पूर्ण भाड्याची तिकिटं काढली. २०० युरोंच्या वर गेले.

युरेल पास ३३ देशांत चालतो, साठीच्या पुढं १० टक्के सवलतही आहे. पण फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या फ्रेच्चारोसा या वेगवान गाड्यांना आरक्षण सक्तीचं, आणि पास असला तरी त्याचे पैसे वेगळे. इटालो कंपनीच्या गाडीत तर हा पास चालतच नाही. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनीत मात्र बहुतेक गाड्यांत आरक्षणाशिवाय खुशाल चढावं. नुसतं स्वित्झर्लंडच बघायचं असेल तर तिथला स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा, त्यात बस आणि तलावातल्या बोटीही येतात. आपल्या भागातली बरीच मुलं जर्मनीत नोकरीला आहेत. त्यांच्याबरोबर फिरणार असाल तर ध्यानात असू द्या, तिथं राहणाऱ्याला युरेल मिळत नाही, त्यानं युरोपात राहणाऱ्यांसाठीचा इंटररेल पास काढायचा.

पास घेतला की स्वस्तच पडतं, असंही नाही. जपानचं बघा. तिथला सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनांवर गेला. शेजारची मुलगी तो घ्यायला निघाली होती. तिला फक्त टोकियोहून क्योटोला जाऊन परत यायचं होतं. वहीत मांडून दाखवलं, एका बाजूचं शिंकान्सेनचं, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनचं, तिकीट साधारण १४,००० येन. तिनं सुटी तिकिटं काढली.

आधी गावं लिहावीत, मग प्रत्येक टप्प्याचं सुटं भाडं. युरोपात ते दोन-तीन महिने आधी काढलं तर पुष्कळ स्वस्त पडतं. शेजारी पासची किंमत अधिक आरक्षणाचे पैसे लिहावेत. हे गणित अर्ध्या तासाचं आहे, पण आपल्याकडं ते करून देणारं कुणी भेटत नाही. आपल्या पुरवणीनं ते एकदा छापावं, ही विनंती.

आपल्या रेल्वेतही सर्क्युलर तिकीट असतं, म्हणजे अनेक गावं फिरून निघाल्या ठिकाणी परत येण्याचं एकच तिकीट. ते काढायला आलेल्या प्रत्येकाला मी खिडकीतून सांगत असे, "हे तिकीट प्रवासाचं झालं. बर्थ प्रत्येक टप्प्याला वेगळी करून घ्या." गर्दी कितीही असो, हे सांगितल्याशिवाय तिकीट हातात दिलं नाही. प्रवासी कंपन्यांनी गिऱ्हाईकाला एवढंच वाक्य सांगावं, आणि निघण्याआधी डब्याचा नि जागेचा नंबर असलेली आरक्षणं त्याच्या हातात द्यावीत.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
मिरज, जि. सांगली